मिरकरवाड्याच्या जेटीवर मिळालेला लाल गाठींचा सी स्लग कोणता असावा?

होटगी रोड

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. डिसेंबरमध्ये शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही क्षेत्रभेटीसाठी रत्नागिरीला गेलो होतो. सोलापूरच्या मुलांनी पुस्तकात वाचलेले बहुतेक समुद्री प्राणी फॉर्मॅलिनच्या बरणीत, रंग उडालेल्या अवस्थेतच पाहिलेले असतात, म्हणून किनाऱ्यावरच्या खडकांबरोबरच मिरकरवाड्याच्या जेटीवर ट्रॉलर रिकामे होताना दाखवावेत, असा माझा आग्रह होता. तेथे विकाऊ मासळी वेगळी काढल्यावर उरलेल्या मालात एका विद्यार्थिनीला हा प्राणी दिसला. तो जिवंत असल्याचे लक्षात येताच आम्ही त्याला समुद्राच्या पाण्याने भरलेल्या पांढऱ्या टबमध्ये ठेवले, छायाचित्रे घेतली आणि अंधार पडल्यावर एका तांडेलांनी (होडीच्या प्रमुखांनी) तो परत समुद्रात सोडण्यासाठी होडीवर नेला.

छायाचित्रे सोबत जोडली आहेत. जे त्यांत नीट उतरलेले नाही ते येथे लिहिते. शरीर जवळजवळ माझ्या तळहाताएवढे लांब, अतिशय मऊ, पांढरट आणि अर्धपारदर्शक होते. पाठीवर लहानमोठ्या गोल गाठी विखुरलेल्या होत्या आणि त्यांचे माथे लाल होते. डोक्याच्या पुढच्या कडेला रुंद पडदा असून त्याच्या काठावर फांद्या फुटलेले छोटे उंचवटे होते. त्यामागे दोन शिंगे होती. त्यांवर बारीक आडव्या पट्ट्या दिसत होत्या आणि ब्रशच्या केसाने हलकेच स्पर्श करताच ती आपापल्या म्यानात ओढली गेली. पाठीच्या मागच्या भागात गिलांचे तुरे होते, ते मात्र स्पर्श केल्यावर आक्रसले तरी कुठल्या खोबणीत नाहीसे झाले नाहीत. अंगावर कवच नव्हते. जाळे चिखलवट तळावरून, सुमारे वीस वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यातून ओढले होते, असे तांडेलांनी सांगितले.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की टब आडोशाला नेल्यावर एका मुलाने तो थोडा हलवला, तेव्हा प्राण्याच्या अंगावर क्षणभर निळसर उजेड चमकून गेला. तो आम्ही सर्वांनी पाहिला. कॅमेऱ्यात मात्र तो आलेला नाही.

जेटीवर कुणी याला जेलीफिश म्हटले, कुणी समुद्रकाकडी. हा न्युडिब्रँक आहे, म्हणजे गिल उघडे असलेला बिनकवची सी स्लग (समुद्री गोगलगाय) आहे, एवढे मला निश्चित वाटते. त्यापुढे कुळ, प्रजाती (जीनस) आणि जाती (स्पीशीज) यांपैकी कुठपर्यंत खात्रीने जाता येईल, याचे मार्गदर्शन हवे आहे. विद्यार्थ्यांनी या प्राण्याची नोंद करायचे मनावर घेतले आहे आणि ती चुकीच्या नावाने होऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

हिप्परगा

मॅडम, अप्रतिम नोंद आहे. मी मुख्यतः पक्षी पाहणारा. नान्नजचे माळरान आणि हिप्परग्याचे पाणी हेच माझे क्षेत्र. परंतु अंदमानात पाण्याखाली उतरण्याची संधी मिळाल्यापासून सी स्लगविषयी वाचत असतो. आकार आणि लाल रंग पाहून मला प्रथम हेक्झाब्रँकस सँग्विनियस आठवला, ज्याला पाणबुडे स्पॅनिश डान्सर म्हणतात. उष्ण कटिबंधातील मोठ्या न्युडिब्रँकांत तो सर्वांत प्रसिद्ध आहे आणि त्याचेही गिल एका वर्तुळात एकवटलेले नसून सुटे-सुटे उगवतात. अर्थात तो प्रकाशतो असे मी कुठेही वाचलेले नाही. जाणकारांनी तपासावे.

कंबर तलाव

होटगी रोड मॅडम, आपले वर्णन छायाचित्रांपेक्षाही उपयोगी आहे. मी अनेक वर्षे सोलापुरातच प्राणिशास्त्र शिकवले आणि मृदुकाय प्राणी हा माझ्या आवडीचा विषय राहिला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सी स्लग ओळखताना रंग हा सर्वांत शेवटी विचारात घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. एकाच जातीत वयानुसार आणि ठिकाणानुसार रंग बदलतो. उलट पूर्णपणे वेगळ्या कुळांतील जाती एकमेकींसारख्या रंगवलेल्या आढळतात. शिंगे कशी आहेत, गिल कुठे आहेत व ते आत ओढले जातात की नाहीत, पाठीच्या कडेला झालर आहे की नाही, प्राणी कोणत्या तळावर सापडला आणि तो काय खातो, हे पाच प्रश्न रंगाआधी विचारावे लागतात. आपण त्यांपैकी चारांची उत्तरे दिली आहेत.

समुद्रकाकडी आणि जेलीफिश हे दोन्ही तर्क शिंगांमुळेच बाद होतात. ती ऱ्हायनोफोर आहेत, म्हणजे पाण्यातील रसायनांचा माग घेणारी इंद्रिये, आणि त्यांवरच्या आडव्या पट्ट्या त्यांचा पृष्ठभाग वाढवतात. समुद्री सशाची, म्हणजे ॲप्लिशियाची, शिंगे गुंडाळलेल्या कानासारखी असतात आणि त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी पंखासारखे पदर येतात. तेही येथे नाहीत. प्लुरोब्रँक गटात गिल शरीराच्या उजव्या बाजूला पाठीच्या कडेखाली दडलेला असतो. चिखलवट तळावरच्या जाळ्यात आर्मिना हा न्युडिब्रँकही येऊ शकतो, पण त्याच्या पाठीवर उभ्या रेघा असतात आणि मागे गिलांचा तुरा नसतो.

राहिला डोरिड गट, ज्याचे गिल पाठीवर मागच्या बाजूला असतात. त्यातही दोन तऱ्हा आहेत. क्रोमोडोरिस व त्याच्या नातलगांचे गिल धोका वाटताच एका खोबणीत पूर्ण शिरतात. पॉलिसेरिडी कुळातील प्राण्यांचे गिल आक्रसतात, परंतु खोबणीत जात नाहीत. ब्रशचा केस लावून आपण जे पाहिले, ते जेटीवरच्या गडबडीतही पाहिलेत, याचे मला फार कौतुक वाटते, कारण मृत नमुन्यावर हा प्रश्न सोडवणे कठीण जाते.

हिप्परगा यांच्या सूचनेविषयी सांगायचे तर हेक्झाब्रँकसच्या पाठीला सर्व बाजूंनी रुंद झालर असते. शांत असताना तो ती वर गुंडाळून ठेवतो आणि पोहताना उलगडून लाटांसारखी हलवतो. आपल्या छायाचित्रांत अशी झालर मुळीच दिसत नाही. शिवाय तो प्रवाळ आणि खडक यांच्या परिसरातला, स्पंज खाणारा प्राणी आहे. वीस वाव पाण्यातील चिखल हे त्याचे घर नव्हे.

पॉलिसेरिडी कुळात प्रकाश देणाऱ्या प्रजाती मोजक्याच आहेत: प्लोकामोफेरस, कॅलोप्लोकॅमस आणि कलिंगा. पहिल्या दोहोंत पाठीच्या दोन्ही कडांना लांब उपांगांच्या जोड्या असतात. प्लोकामोफेरसमध्ये त्यांपैकी मागच्या उपांगांच्या टोकाला गोळ्यासारखा प्रकाशावयव असतो, शेपटीवर उभा पदर असतो आणि तो शरीर डावी-उजवीकडे झपाझप वळवून पोहतो. आपल्या प्राण्याला अशा जोड्या नाहीत. पाठभर सुट्या, गोल, लाल माथ्याच्या गाठी आहेत. त्यामुळे माझा कल कलिंगा ऑर्नाटा या जातीकडे आहे. या प्रजातीत आजवर एवढी एकच जात मान्य आहे.

ही जात विज्ञानाला प्रथम भारतातूनच कळली. मद्रास इलाख्यातील अधिकारी वॉल्टर एलियट यांनी विशाखापट्टणमजवळच्या वॉल्टेअर किनाऱ्यावर सी स्लग जमवले होते आणि ते जिवंत असताना त्यांची रंगीत चित्रे करवून घेतली होती. न्यूकॅसलचे जोशुआ ऑल्डर आणि अल्बनी हँकॉक यांनी तो संग्रह अभ्यासून १८६४ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात कलिंगा ही नवी प्रजाती होती. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या सी स्लगचा रंग आणि आकार दोन्ही जातात, म्हणून ती चित्रे नसती तर वर्णन कितीतरी अपुरे राहिले असते. नंतर हिंदी महासागरापासून जपान आणि ऑस्ट्रेलियापर्यंत ही जात आढळली, तरी ती बहुधा वाळू-चिखलाच्या तळावर राहत असल्याने खडकांवर भरती-ओहोटी पाहत फिरणाऱ्या अभ्यासकांच्या दृष्टीस क्वचितच पडते.

तरीही दोन गोष्टी तपासल्याखेरीज नाव लिहू नये. पहिली उजेडाची. डिसेंबरमध्ये कोकण किनाऱ्याच्या पाण्यात नॉक्टिल्युका हा एकपेशीय जीव मोठ्या संख्येने असू शकतो. पाणी हलले की तो निळा प्रकाश देतो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जुहू आणि देवगडच्या लाटा त्याच्यामुळेच चमकल्या होत्या. टबमधले पाणी जेटीजवळचे असेल, तर उजेड प्राण्याचा की पाण्याचा, हे कसे ठरवले? दुसरी गोष्ट आहाराची. कलिंगा ब्रिटल स्टार, म्हणजे बारीक लांब हातांचे तारामाशाचे नातलग, खातो, तर प्लोकामोफेरस ब्रायोझोआ, म्हणजे वसाहतीने राहणारे सूक्ष्म प्राणी, खातो. टबच्या तळाशी विष्ठा राहिली होती का, आणि कुणी ती जपून ठेवली आहे का?

विजापूर वेस

मी मूळचा रत्नागिरीचा. नोकरीमुळे सोलापुरात स्थायिक झालो आहे. माझे मामा आणि भाऊ अजून मिरकरवाड्यातून होडीवर जातात. छायाचित्र त्यांना पाठवले. असा प्राणी अधूनमधून जाळ्यात येतो, पण त्याला विक्री नाही, हातात धरला की पाण्यासारखा लोंबतो आणि मासळीच्या वजनाखाली लगेच चेंदामेंदा होतो, त्यामुळे कुणी मुद्दाम पाहत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. दोघांनीही तो खडकाळ भागात नव्हे, तर चिखलावरून ओढलेल्या जाळ्यात पाहिलेला आहे. त्याच ओढीत बारीक लांब हातांचे, हात लावताच तुटणारे तारामासे पुष्कळ येतात, असे मामांनी मी न विचारताच सांगितले. कंबर तलाव सरांचा प्रश्न वाचल्यावर मला त्याचे महत्त्व कळले.

एक विनंती आहे. जेटीवर दिसलेला प्राणी मेलेला की जिवंत, याकडे खलाशी लक्ष देत नाहीत, हे खरे. परंतु कुणी आस्थेने विचारले तर ते ओढीची जागा, वाव आणि वेळ अगदी बिनचूक सांगतात. विद्यार्थ्यांनी पुढच्या वेळी वहीत ही माहिती तिथल्या तिथे उतरवून घ्यावी आणि सांगणाऱ्या तांडेलांच्या होडीचा उल्लेख नोंदीत जरूर करावा.

होटगी रोड

कंबर तलाव सर, आपल्या उत्तराने आमच्या प्रयोगशाळेत दोन दिवस दुसरा विषय निघालेला नाही. विजापूर वेस दादा, आपल्या मामांना आमचे आभार कळवा.

उजेडाविषयी: टबमधले पाणी जेटीचे नव्हते. त्याच होडीवरच्या पिंपातले होते, म्हणजे नॉक्टिल्युका त्यात असणे अशक्य नव्हते. परंतु प्राणी तांडेलांकडे देताना आम्ही त्याला दुसऱ्या भांड्यात हलवले आणि टबमधले पाणी अंधारातच ओतून दिले. ओतताना, ढवळताना त्या पाण्यात काहीही चमकले नाही. दुसऱ्या भांड्यातले पाणी मुलांनी समुद्रकाठी प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गाळण्यासाठी आणलेल्या बारीक जाळीतून गाळून घेतले होते, आणि त्यातही प्राणी हलवताना अंगावर एकदा उजेड दिसला. हा मुद्दाम योजलेला प्रयोग नव्हता, तरी त्यातून काही निष्कर्ष निघेल असे वाटते.

आहाराविषयी: टबच्या तळाशी चिकट, करडी दोरीसारखी विष्ठा होती आणि एका विद्यार्थ्याने ती स्पिरिटच्या बाटलीत भरून आणली होती. आज ती काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. चिकट पदार्थात गुंतलेले पांढरे कण निघाले. काही चकतीसारखे, काही मणक्यासारखे मध्ये फुगीर व कडेला खाचा असलेले. प्रत्येक कणाला आरपार बारीक छिद्रांची जाळी आहे. सौम्य आम्लाचा थेंब टाकल्यावर ते बुडबुडे सोडत विरघळले. ब्रायोझोआच्या वसाहतीचे तुकडे मला दिसले नाहीत.

कंबर तलाव

मॅडम, हा पुरावा फार चांगला आहे. आम्लात विरघळणे एकट्याने पुरेसे नव्हते, कारण शिंपल्याची चुरीसुद्धा बुडबुडे सोडते आणि ब्रायोझोआचा सांगाडाही चुन्याचा असू शकतो. निर्णायक आहे ती छिद्रांची जाळी. तारामासा, ब्रिटल स्टार, समुद्री साळिंदर आणि समुद्रकाकडी या कंटकचर्मी प्राण्यांच्या सांगाड्यातील प्रत्येक तुकडा अशाच सच्छिद्र जाळीचा बनलेला असतो. दुसऱ्या कोणत्याही प्राणिसंघात ती या रूपात सापडत नाही. त्यातले मणक्यासारखे तुकडे ब्रिटल स्टारच्या हातातले आहेत. ब्रिटल स्टारच्या प्रत्येक हातात असे मणके ओळीने एकमेकांत बसवलेले असतात आणि त्यामुळेच तो हात सापासारखा वळवू शकतो. जाळ्यातील इतर मालातून हे कण टबमध्ये पडले असते तर ते तळाशी सुटे मिळाले असते; चिकट दोरीच्या आत गुंतलेले कण प्राण्याच्या पोटातून आले, असे मानायला हरकत नाही.

उजेडाचे निरीक्षणही माझी शंका जवळजवळ दूर करते. नॉक्टिल्युकाची पेशी पाव ते दीड-दोन मिलिमीटरपर्यंत मोठी असते, म्हणजे प्लवकाच्या जाळीत ती अडकते. गाळलेल्या पाण्यात उजेड दिसला आणि ओतलेल्या पाण्यात दिसला नाही, म्हणजे तो प्राण्याचा स्वतःचा होता. फक्त अंगावर चिकटून राहिलेल्या पेशी हीच काय ती पळवाट उरते. पुढच्या वेळी प्राण्याला गाळलेल्या पाण्यातून दोनदा धुऊन मग पाहावे.

हिप्परगा यांनाही एक सांगावेसे वाटते. आपण सुट्या गिलांचा मुद्दा काढलात, तो योग्यच होता. त्याच्यामुळेच मी झालरीकडे पुन्हा बारकाईने पाहिले.

हिप्परगा

धन्यवाद सर. झालर आणि तळ या दोन गोष्टी मी विचारातच घेतल्या नव्हत्या. पक्ष्यांच्या बाबतीत अधिवास आम्ही सर्वांत आधी विचारतो. येथे मात्र छायाचित्र पाहूनच थांबलो.

एक शंका आहे. छायाचित्रे, विष्ठा आणि उजेड एवढ्यावर जातीचे नाव लिहिणे शास्त्राला मान्य होईल का, की हातात नमुना असायलाच हवा?

कंबर तलाव

प्रश्न महत्त्वाचा आहे. निरीक्षणाची नोंद करण्यासाठी एवढा पुरावा पुरेसा आहे, कारण कलिंगा प्रजातीत दुसरी मान्य जात नसल्याने प्रजाती पक्की झाली की जातीचा गोंधळ फारसा उरत नाही. परंतु एखाद्या किनाऱ्यावरील शास्त्रीय यादीत नाव घालायचे असेल, तर नमुना लागतोच. एकच जात मानलेला, इतक्या विस्तीर्ण समुद्रात पसरलेला प्राणी प्रत्यक्षात दोन-तीन जातींचा समूह निघाल्याची उदाहरणे सी स्लगमध्ये अनेक आहेत आणि तो निर्णय डीएनएशिवाय होत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्याची तपासणी अजून अपुरी आहे, हेही लक्षात ठेवावे. क्रॅटेना या न्युडिब्रँक प्रजातीतील दोन नव्या जातींचे वर्णन पश्चिम भारतातून अगदी अलीकडे, २०२० मध्ये झाले. पूर्व किनाऱ्यावरही तेच चित्र आहे: दिघा आणि ओडिशातील उदयपूर येथील वाळूतून मेलानोक्लामिस द्रौपदी ही सी स्लगची नवी जात झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या संशोधकांनी नोंदवली आहे.

म्हणून पुन्हा असा प्राणी जाळ्यात मेलेल्या किंवा वाचणार नाही अशा अवस्थेत मिळाला, तर तो वाया जाऊ देऊ नये. जिवंत असल्यास प्रथम मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात शिथिल करावा, नाहीतर स्पिरिटमध्ये टाकताच तो आक्रसून गोळा होतो आणि शिंगे, गिल काहीच दिसत नाही. पायाचा छोटा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये डीएनएसाठी वेगळा ठेवावा. उरलेले शरीर फॉर्मॅलिनमध्ये ठेवले तरी चालते, परंतु तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये कधीही टाकू नये, कारण फॉर्मॅलिनने डीएनए निकामी होतो. शरीर जपलेले असेल तर रॅड्युला, म्हणजे दातांची पट्टी, नंतरही काढून तपासता येते. नमुना ठेवायला सर्वांत योग्य जागा म्हणजे झूलॉजिकल सर्व्हेचे पश्चिम विभागीय केंद्र. ते पुण्याला आहे, म्हणजे सोलापूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर. रत्नागिरीतच सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आणि शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आहे. जेटीवर मिळालेला प्राणी तातडीने दाखवायचा असेल तर तेथे जावे.

जिवंत आणि सुस्थितीत असलेला प्राणी मात्र आपण केले तसाच परत सोडावा, असे मला मनापासून वाटते. या प्राण्याला कवच नाही, वेग नाही, आणि ट्रॉलरच्या जाळ्यातून तो जिवंत बाहेर येणे हीच दुर्मीळ गोष्ट आहे.

सध्याच्या नोंदीसाठी माझी सूचना अशी: नावाच्या जागी कलिंगा ऑर्नाटा लिहावे, शेजारी ‘छायाचित्र, वर्तन आणि आहार यांवरून केलेली ओळख, नमुना ठेवलेला नाही’ असे स्पष्ट नमूद करावे. ठिकाण म्हणून मिरकरवाडा लिहू नये, कारण प्राणी जेटीवर राहत नव्हता. ओढीची जागा आणि खोली लिहावी, आणि ती तांडेलांनी सांगितली आहे असे लिहावे. विष्ठेतील कणांची छायाचित्रे मोजपट्टीसह जोडावीत. शक्य असल्यास पायाच्या खालच्या बाजूचे छायाचित्रही हवे होते; टबऐवजी काचेचे भांडे वापरले तर ते सहज घेता येते.

विजापूर वेस

भावाकडून होडीच्या जीपीएसवरची जागा मिळवली आहे. ज्या तांडेलांनी प्राणी परत नेला, ते त्याच्या ओळखीचेच निघाले. त्यांनी तो त्याच रात्री चिखलाच्या पट्ट्यावर पोहोचल्यावर सोडला आणि सोडताना पाण्यात त्याचा उजेड पुन्हा दिसला, असे सांगितले. अक्षांश-रेखांश मॅडमना व्यक्तिगत निरोपात पाठवतो. भावाने होडीवर एक झाकणाची काचेची बरणी ठेवायचे कबूल केले आहे.

होटगी रोड

सर, आपण सांगितल्याप्रमाणे नोंद तयार केली आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवली. ओळख करणाऱ्यांत आपले नाव, आणि ठिकाणाच्या माहितीत होडीचा उल्लेख केला आहे. विष्ठेतील कणांची काचपट्टी कायमस्वरूपी करून तिच्यावर चिठ्ठी लावली आहे. ती आणि सर्व मूळ छायाचित्रे घेऊन पुढच्या महिन्यात दोन विद्यार्थिनी पुण्याच्या केंद्रात जाणार आहेत. तिथल्या तज्ज्ञांचे मत आले की याच धाग्यावर कळवीन.

विजापूर वेस दादा, बरणीबरोबर मॅग्नेशियम क्लोराइड, इथेनॉलच्या लहान बाटल्या आणि वापराची मराठी सूचना असलेला कागद आम्ही आपल्याकडे आणून देतो. होडीवर तो भिजू नये म्हणून प्लास्टिकचे आवरण घालत आहोत.